बॅटरी नवी, डायनामो नवा, तरी गाडी धक्कास्टार्ट: मासळीच्या जुन्या पिकअपचं चार्जिंग प्रकरण

गाडी २००९ सालची डिझेल पिकअप, बारा व्होल्टची, मेकॅनिकल पंप, ऍक्सिलरेटरला साधी केबल, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) वगैरे काही नाही. मालकीण वर्सोव्याच्या एक मावशी, मासळीचा धंदा, गाडी चालवतो त्यांचा भाचा. पहाटे तीनच्या सुमारास निघायचं, ससून डॉक नाहीतर भाऊचा धक्का, लिलावात माल घ्यायचा, बर्फ टाकायचा आणि उजाडायच्या आत मार्केटला परत. म्हणजे या गाडीचं जवळपास सगळं काम अंधारात, हेडलाईट चालू ठेवून होतं, आणि पावसाळ्यात वायपर आणि ब्लोअर पण चालू. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच येणारे.

तक्रार एकच: बॅटरी उतरते. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा गाडी ताडपत्री टाकून उभी होती. नारळी पौर्णिमा झाल्यावर बाहेर काढली तर चावी फिरवून डॅशबोर्डचे दिवेसुद्धा नीट लागेनात. बॅटरी जुनीच होती, तिने मान टाकली, ठीक आहे, नवी ८० एएचची (अँपियर-अवर, बॅटरीची साठवण) टाकली. थोडे दिवस गाडी झकास चालली आणि मग पहाटे परत सेल्फ (स्टार्टर) कट-कट करायला लागला. दुसऱ्या गॅरेजवाल्याने बघितलं तर चालू गाडीत चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटलेला, तो म्हणाला डायोड (डायनामोतला एसीचा डीसी करणारा भाग) गेला, डायनामो बदला. (आपल्याकडे अल्टरनेटरला सगळे डायनामोच म्हणतात, मी पण तेच म्हणतो.) डायनामो एक्सचेंजमध्ये बदलला. परत थोडे दिवस बरी, परत तेच. मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "बाबा, बॅटरी बदलली, डायनामो बदलला, आता काय इंजिन बदलू?"

त्यांचा राग बरोबर होता. पहाटे साडेचारला डॉकवर माल भरलेली गाडी चालू होत नाही तेव्हा बर्फ वितळत असतो, आणि सुरमई-पापलेटचा भाव दर अर्ध्या तासाने खाली येतो.

मी मल्टीमीटर काढायच्या आधी भाच्याला बसवून विचारलं, नक्की कधी होतं, काय करताना होतं. माझ्या मते निम्मी केस इथेच कळते आणि नेमकं हेच कोणी करत नाही कारण सगळ्यांना घाई असते. पोराने तीन गोष्टी सांगितल्या. एक, दिवसा एखादी फेरी मारली तर त्रास नाही, पावसात रात्री चालवली की दुसऱ्या दिवशी हमखास धक्का. दोन, लाल दिवा चालू गाडीत मंद दिसतो आणि हेडलाईट लावली की थोडा जास्त दिसतो, रेस करूनही जात नाही. तिसरी गोष्ट त्याने जाता जाता सांगितली, तिचा आणि चार्जिंगचा संबंध आहे असं त्याला वाटलंच नव्हतं: "दादा, ऍक्सिलरेटरची केबल पण सारखी जाते, दोनदा बदलली, आतून चिकटते."

ही तिसरी गोष्ट ऐकल्यावर मी गाडीखाली जायच्या आधीच समजलो की निदान एक फॉल्ट अर्थिंगचा, म्हणजे इंजिन आणि चॅसिस बॅटरीच्या मायनसला जोडणाऱ्या केबल-पट्टीचा आहे. कारण खाली सांगतो.

आधी बॅटरी. उतरलेल्या बॅटरीवर चार्जिंगची टेस्ट करायची नाही, सगळे आकडे फसवे येतात. गाडी आली तेव्हा बॅटरीला उभ्या गाडीत ११.९ व्होल्ट होते. पूर्ण चार्ज बॅटरी थोडा वेळ विश्रांती घेऊन १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. हायड्रोमीटर (ऍसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणारी नळी) घातला तर सहाही सेलमध्ये १.१४० च्या आसपास, एकसारखं. हे एकसारखं असणं महत्त्वाचं. एखादा सेल मेला असता तर तो एकटा खाली दिसला असता, बाकीचे वर. सगळे सारखे खाली म्हणजे बॅटरी चांगली आहे, तिला पोटभर मिळतच नाहीये. गाडीतून काढून बाहेरच्या चार्जरवर ८ अँपियरने लावली, कपॅसिटीचा दहावा भाग, यापेक्षा घाई करायची नाही. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लागली. ग्रॅव्हिटी १.२६० वर आली, व्होल्टेज १२.६ वर स्थिर झालं, लोड टेस्टला १० च्या खाली गेली नाही. बॅटरी निर्दोष सुटली. मावशींनी त्या पहाटेला दुसरी गाडी भाड्याने केली, त्यांना मी आधीच सांगितलं होतं की हे काम उभ्या उभ्या होणारं नाही.

बॅटरी चार्जिंगला असताना डायनामोकडे बघून घेतलं. पट्टा ठीक, अंगठ्याने दाबला तर सेंटीमीटरभर दबतो, कडेला तडे नाहीत, चकाकी आलेली नाही. या जातीच्या डिझेल गाड्यांमध्ये डायनामोच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्युम पंप असतो, त्याला इंजिनचं ऑइल येतं, आणि त्याचं सील गेलं की ऑइल आत झिरपून कार्बन ब्रश आणि स्लिप रिंग चिकट होतात, मग चार्जिंग कधी येतं कधी जातं. ते बघितलं, कोरडं होतं. (याच कारणाने अशा गाडीत पट्टा तुटला तर फक्त चार्जिंग जात नाही, ब्रेकही दगड होतो, म्हणून पट्ट्याची चालढकल करू नका.)

बॅटरी परत बसवली, चावी ऑन, इंजिन बंद. लाल दिवा ठळक पेटला. हा दिवा फक्त सूचना देत नाही, या जुन्या सर्किटमध्ये डायनामोला सुरुवातीचा करंट याच्यातून जातो. एका बाजूला चावीचा प्लस, दुसऱ्या बाजूला डायनामोचं एल टर्मिनल, मधे हा बल्ब. चावी ऑन केली की बल्बमधून थोडा करंट रोटरच्या (डायनामोच्या आत फिरणाऱ्या भागाच्या) कॉइलमध्ये जातो, चुंबक तयार होतं, इंजिन फिरलं की डायनामो स्वतःचा स्वतः उठतो आणि एलवर पण बॅटरीइतकंच व्होल्टेज येतं, दोन्ही बाजू समान झाल्या की बल्ब विझतो. म्हणून चावी ऑन करून दिवा लागलाच नाही तर आधी बल्ब बघा, डायनामो खोलू नका. हल्ली बरेच जण डॅशबोर्डच्या मीटरमधले सगळे बल्ब काढून एलईडी लावतात, दिसायला भारी, पण एलईडीतून इतका कमी करंट जातो की बरेचसे डायनामो जोरात रेस केल्याशिवाय उठतच नाहीत, आणि मग मालक म्हणतो सिग्नलवर चार्जिंग होत नाही. इथे मूळ बल्ब होता, तो मुद्दा मिटला.

आता मुख्य टेस्ट. इंजिन चालू, आरपीएम साधारण दीड-दोन हजार, हेडलाईट, ब्लोअर, वायपर सगळं चालू. मुद्दाम सगळं चालू, कारण पहाटे गाडी अशीच चालते. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर बी प्लसच्या (डायनामोतून बॅटरीकडे जाणाऱ्या मुख्य प्लसच्या) वायरवर लावला, ३० अँपियरच्या आसपास जात होते. घरगुती वायरिंगवाल्यांकडचा फक्त एसी मोजणारा क्लॅम्प इथे चालत नाही, तो शून्यच दाखवेल आणि तुम्ही डायनामो मेला म्हणून मोकळे व्हाल. आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर लावला तर १२.७ व्होल्ट. लोडवर १३.८ ते १४.४ असायला पाहिजे, मिळतायत १२.७. म्हणजे बॅटरीला चार्ज असा काही मिळतच नाहीये, ती जेमतेम तग धरून आहे.

बहुतेक जण इथेच थांबतात. बॅटरीवर १२.७, चार्जिंग नाही, डायनामो खराब, संपलं. मी मीटरचे प्रोब उचलून डायनामोवरच लावले, लाल बी प्लसच्या बोल्टवर, काळा डायनामोच्या बॉडीवर. १४.३.

डायनामो १४.३ देतोय आणि बॅटरीला १२.७ पोचतायत. मधले १.६ व्होल्ट रस्त्यात खाल्ले जातायत, यालाच ड्रॉप म्हणतात. म्हणजे डायनामो निर्दोष, बॅटरी निर्दोष, फॉल्ट मधल्या वायरमध्ये. आणि डायनामोला याची खबरच नाही, कारण या गाडीतला रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा भाग) स्वतःच्या बी प्लसवरचं व्होल्टेज बघून चालतो. त्याच्या दृष्टीने १४.३ झाले, काम झालं, आता जास्त द्यायची गरज नाही. ज्या गाड्यांत एस टर्मिनलची वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंत जाते तिथे रेग्युलेटरला खरी परिस्थिती कळते आणि तो थोडं वाढवून भरपाई करतो. इथे तशी वायर नाही.

आता तो मंद लाल दिवा पण समजून घ्या, कारण त्याच्यामुळेच मावशींचा डायनामो विनाकारण बदलला गेला असं मला वाटतं. बल्बच्या एका बाजूला चावीचा प्लस, तो बॅटरीकडून येतो म्हणजे १२.७ च्या आसपास. दुसऱ्या बाजूला एल, तो डायनामोच्या आतून म्हणजे १४.३ च्या आसपास. एक-सव्वा व्होल्टचा फरक उरला (१.६ मधला अर्थिंगच्या बाजूचा भाग बल्बला दिसत नाही), बल्बमधून उलट्या दिशेने करंट गेला, बल्ब मंद पेटला. लोड वाढला की वायरमधला ड्रॉप वाढतो, फरक वाढतो, दिवा आणखी दिसतो. हेडलाईट लावली की दिवा जास्त दिसतो असं पोरगा म्हणाला होता ते हेच. खरंय, डायोड गेल्यावर पण दिवा मंद पेटतो, त्यामुळे त्या गॅरेजवाल्याला एकदम वेड्यात काढत नाही, पण डायोडची परीक्षा एका मिनिटाची आहे: मीटर एसी व्होल्टवर टाकायचा, बी प्लस आणि बॉडीवर लावायचा, गाडी लोडवर. अर्धा व्होल्ट किंवा वर एसी आलं तर डायोडवर संशय घ्या. इथे ०.०५ पण नव्हतं. जुना डायनामो एक्सचेंजमध्ये गेला, त्याची टेस्ट आता कुणी करू शकत नाही, पण लक्षणं आधीची आणि नंतरची अगदी तीच होती, यावरून काय ते समजा.

१.६ नेमके कुठे जातायत ते शोधायचं. व्होल्टेज ड्रॉप मोजायची पद्धत सोपी आहे आणि तरी लोक ती वापरत नाहीत. मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब डायनामोच्या बी प्लसच्या बोल्टवर, दुसरा बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, लूगवर (खांबावर आवळलेल्या क्लॅम्पवर) नाही तर शिशाच्या खांबावर. दोन्ही प्लस आहेत, वायर चांगली असेल तर जवळजवळ शून्य यायला पाहिजे, ०.३ पर्यंत मी सोडून देतो. आले १.२. मग एक प्रोब डायनामोच्या बॉडीवर, दुसरा बॅटरीच्या मायनसच्या खांबावर. इथे ०.२ च्या वर नको. आले ०.४. बेरीज १.६, हिशेब जुळला. हिशेब जुळेपर्यंत मी पाना हातात घेत नाही.

कुणी म्हणेल वायर तर मीटरच्या बीपवर टेस्ट केली होती, बीप वाजला, म्हणजे वायर चांगली. नाही हो. १.२ व्होल्ट भागिले ३० अँपियर म्हणजे ०.०४ ओहम. मीटरच्या स्वतःच्या प्रोबच्या वायरींना याच्यापेक्षा जास्त रेझिस्टन्स असतो, मीटर ते दाखवणारच नाही, बीप वाजणारच. विरार लोकलच्या डब्याला एकच दरवाजा उघडा असेल तर रात्री एक वाजता कुणाला कळणारही नाही, सकाळी आठला कळेल. मीटर बीप देतो तो रात्री एकच्या गर्दीवर, आणि गाडीत जातात ते सकाळी आठचे ३० अँपियर. म्हणून वायरमधून पूर्ण करंट जात असतानाच मोजायचं, दुसरा उपाय नाही.

प्लस बाजूला प्रोब टप्प्याटप्प्याने सरकवला. बोल्ट ते थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) ०.०२, काही नाही. थिंबलपासून पुढे चॅसिसजवळ वायरवर एक टेपचा गठ्ठा दिसत होता, तिथपर्यंत ०.०५. त्या गठ्ठ्याच्या अलीकडे-पलीकडे १.० व्होल्ट. तिथून बॅटरीपर्यंत ०.१३. सापडलं. हात लावला तर टेप गरम, आणि गरम असणारच, १ व्होल्ट गुणिले ३० अँपियर म्हणजे ३० वॉट, एक सोल्डरिंग आयर्न त्या टेपच्या आत कायम चालू ठेवल्यासारखं.

इंजिन बंद केलं, बॅटरीची मायनस लूग आधी काढली, मग टेप उघडली. कधीतरी कुणीतरी मूळ वायर कापून पिळून जोडली होती, सोल्डर नाही, क्रिंप (दाबून बसवलेला जोड) नाही, नुसती पिळलेली आणि वरून काळी टेप, बहुतेक पूर्वी फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखा जळून वायर वाचवणारा तुकडा) जळाली असणार आणि ती काढून थेट जोडलेली, कारण लिंक गाडीत कुठेच नव्हती. टेपच्या आतून पाणी आलं, खरंच पाणी, माशाचा वास असलेलं. तांब्यावर हिरवी-निळी पूड, बोटाने चोळली तर तारा तुटून हातात आल्या. बाहेरच्या काही तारा तर संपल्याच होत्या, करंट जात होता तो आतल्या मोजक्या तारांतून. इन्सुलेशन चॉकलेटी पडून कडक झालेलं. आणि सर्वात वाईट म्हणजे मी वायर सहा इंच मागे सोलली तरी आत तांबं काळं, एक फूट मागे सोलली तरी काळंच. खारं पाणी तारांच्या मधून आत शोषलं जातं, वरून इन्सुलेशन नवं दिसतं आणि आतून तांबं मेलेलं असतं. अशी वायर जोडायची नसते, पूर्ण बदलायची.

हे पाणी येतं कुठून? या गाडीत बॅटरी बॉक्स बॉडीच्या खाली, चॅसिसच्या कडेला. वर मासळीच्या क्रेट आणि बर्फ. बर्फाचं पाणी, मासळीचं पाणी, मीठ, सगळं बॉडीच्या भोकांतून बरोबर बॅटरी बॉक्सवर आणि त्याच्या शेजारच्या अर्थिंगच्या बोल्टवर टपकतं, वर्षाचे दहा महिने. त्यात आपली समुद्राची हवा आणि पाऊस. पुण्याच्या भाजीच्या गाडीत जो जॉइंट दहा वर्षं टिकेल तो इथे टिकणार नाही, हे धरूनच काम करावं लागतं.

मायनस बाजू. डायनामो बॉडी ते इंजिन ब्लॉक ०.०२, ठीक. ब्लॉक ते चॅसिस ०.३०. चॅसिस ते बॅटरीचा मायनस खांब ०.०८. म्हणजे इंजिनला चॅसिसशी जोडणारी अर्थिंगची पट्टी गेली. खाली जाऊन बघितलं तर विणलेली पट्टी होती, पण चॅसिसच्या टोकाला गंजाचा गोळा, बोल्ट आणि थिंबल ओळखू येत नाहीत, पट्टीच्या निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या.

आणि इथे ती ऍक्सिलरेटर केबलची गोष्ट. सेल्फ मारताना डिझेल इंजिनला दीडशे-दोनशे अँपियर सहज लागतात आणि तेवढाच करंट इंजिनमधून परत बॅटरीच्या मायनसला यावा लागतो. अर्थिंगची पट्टी नीट नसेल तर तो दुसरी वाट शोधतो: गियर लिव्हरच्या रॉड आणि ऍक्सिलरेटर केबलची स्टीलची आतली तार. ती तार काही दोनशे अँपियरसाठी बनवलेली नाही, ती तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं आणि केबल चिकटते. स्टॉप सोलेनॉइडची (करंट असेल तरच डिझेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) वायर काढून, म्हणजे इंजिन चालू होऊ न देता, सेल्फ मारून ब्लॉक ते बॅटरी मायनस मोजलं तर २.३ व्होल्ट. अर्धा व्होल्ट पण जास्त मानतो आम्ही. थोडा वेळ सेल्फ मारून केबलला हात लावला, कोमट झाली होती. भाच्याला पण हात लावायला लावला. तेव्हा कुठे त्याला पटलं की दोन केबल कशाने गेल्या. केबल चिकटून ऍक्सिलरेटर दाबलेलाच राहिला असता भरल्या गाडीत, हायवेवर, तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. ज्याच्या गाडीत क्लच किंवा ऍक्सिलरेटरची केबल परत परत जाते त्याने कृपा करून अर्थिंग बघा.

दुरुस्ती. केबल आणि टिन कोटेड थिंबल लोहार चाळीतून आणले, तिथे सगळ्या साइझ सुट्या मिळतात. बी प्लसला १६ स्क्वेअर एमएमची नवी वायर, डायनामोपासून बॅटरीपर्यंत अखंड, मधे एकही जॉइंट नाही, बॅटरीच्या टोकाजवळ ८० अँपियरचा मेगा फ्यूज झाकणवाल्या होल्डरमध्ये. फ्यूज टाळू नका. ही वायर कुठे चॅसिसवर घासून शॉर्ट झाली तर मधे थांबवणारं काहीच नसतं आणि गाडी जळते, जुनी लिंक काढून थेट जोडणाऱ्याने हीच सोय काढून टाकली होती. अर्थिंगला ३५ स्क्वेअरची केबल बॅटरी मायनसपासून थेट इंजिन ब्लॉकला, सेल्फच्या माउंटिंग बोल्टजवळ, आणि दुसरी बॅटरी मायनसपासून चॅसिसला, शिवाय ब्लॉक ते चॅसिस नवी पट्टी पण टाकली. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले, हातोडी-छिन्नीने नाही, वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे पाणी तारांत शिरणार नाही. चॅसिसवरचा रंग आणि गंज घासून चकचकीत लोखंड केलं, स्टार वॉशर, बोल्ट आवळला आणि मग वरून ग्रीस. ग्रीस आधी आणि बोल्ट नंतर असं करणारे पण बघितलेत, त्याने काँटॅक्ट नीट बसत नाही असा माझा अनुभव आहे. अर्थिंगचा चॅसिसचा बोल्ट मी जुन्या जागेवर ठेवलाच नाही, पुढे केबिनच्या खाली कोरड्या जागी घेतला. सगळ्या मालाचा खर्च एका नव्या बॅटरीच्या पासंगालाही पुरला नसता.

आणि बॉडीच्या त्या भोकांना रबरी नळी लावून पाणी मागच्या चाकाच्या मागे एका कॅनमध्ये सोडलं. यात माझा स्वार्थ एवढाच की वायर टिकावी, पण मासळीचं पाणी रस्त्यावर सांडून मागून येणारा बाईकवाला घसरतो तेही टळलं. मावशींना ते लगेच पटलं.

परत तीच टेस्ट, तेच सगळं चालू ठेवून. डायनामोवर १४.३, बॅटरीवर १४.१. प्लस बाजूचा ड्रॉप ०.१५, मायनसचा ०.०५. सेल्फ मारताना ब्लॉक ते बॅटरी ०.२. लाल दिवा पूर्ण विझला, हेडलाईट फुल्ल लावली तरी. हेडलाईटचा प्रकाशच वेगळा पडायला लागला, भाचा म्हणाला बल्ब बदलले का.

पण एक प्रश्न उरला होता आणि तो सोडून गाडी द्यायची माझी तयारी नव्हती. पहिली बॅटरी बंदीच्या काळात मेली ती कशाने? तेव्हा तर गाडी चाललीच नाही, वायरच्या ड्रॉपचा संबंध नाही. म्हणून गाडी बंद, चावी काढलेली, दारं लावलेली, आणि मायनस लूग काढून मध्ये अँपियरवर मीटर. (या स्थितीत चुकूनही चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जातो.) अशा जुन्या गाडीत घड्याळ आणि गाण्यांचा टेप धरून ५० मिलीअँपियरच्या आत पाहिजे. आले ३५०. दिवसाला ८.४ एएच, म्हणजे ८० एएचची भरलेली बॅटरी दहा दिवसांत रिकामी, आणि गाडी दोन महिने उभी होती. रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि मग ती परत चार्ज घेत नाही. एकेक फ्यूज काढत गेलो, टेपच्या फ्यूजला आकडा पडला. सीटखाली ऍम्प्लिफायर होता आणि त्याची रिमोटची (त्याला चालू-बंद करणारी) वायर चावीच्या लाईनला लावायच्या ऐवजी थेट कायमच्या प्लसला लावलेली, म्हणजे गाणी बंद असली तरी ऍम्प्लिफायर रात्रंदिवस जागा. वायर चावीच्या लाईनवर घेतली, आकडा २० वर आला.

एक गोष्ट मात्र मला या केसमधून सगळ्यांना कळकळीने सांगायची आहे कारण आधीच्या गॅरेजमध्ये ती केली गेली होती, पोराने डोळ्यांनी बघितली: चालू गाडीत बॅटरीची लूग काढून गाडी बंद पडते का बघणं. डायनामोवर लोड असताना बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतं, बॅटरी असते तेव्हा ती हा झटका पिऊन टाकते, ती नसली की तो डायोड, रेग्युलेटर, टेप, एलईडी जे सापडेल त्याच्यावर जातो. आणि कळतं काय? गाडी डिझेल, मेकॅनिकल पंपाची, स्टॉप सोलेनॉइडपुरता करंट मिळाला की चालूच राहणार. ड्रॉप तर यात दिसतच नाही. दोन-तीनशे रुपयांचा मीटर लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतो.

गाडी नंतर फिटनेसच्या पासिंगच्या आधी परत आली होती, आठ वर्षांच्या वरच्या गाडीला दर वर्षी जावंच लागतं. तेव्हा सगळं परत मोजलं, पहाटेच्या फेऱ्या रोज चालू होत्या, पाऊस पण पडून गेला होता. उभ्या गाडीत १२.६, लोडवर १४.१, प्लसचा ड्रॉप ०.१५ चा ०.१५, मायनसचा ०.०६, सहाही सेल एकसारखे. ऍक्सिलरेटर केबल तीच. चॅसिसवरच्या बोल्टचं ग्रीस पुसून नवीन लावलं. येत्या बंदीला गाडी लावताना मायनस लूग काढून ठेवायची, महिन्यातून एकदा चार्जरवर घ्यायची आणि १ ऑगस्टच्या आधी एकदा ड्रॉप मोजायला आणायची, असं मावशींशी ठरलंय.